पश्चिमेच्या रस्त्यावरचे गहू

बेटाला एक फेरी मारून यायची, एवढंच ठरलं होतं. सोमवारच्या बोटीने मिर्सिनीला अथेन्सला न्यायचं होतं. तिच्या पोटातली गाठ काढायची होती. डॉक्टर धड काही सांगत नव्हता, आणि डॉक्टर गोड बोलायला लागला की समजावं. रविवारी सकाळी ती म्हणाली, "आर्गिरिस, गाडी काढ. मला पलीकडची बाजू बघायची आहे."

मी एकतीस वर्षं या बेटावर बस चालवली, पण बंदर ते पूर्वेची गावं एवढीच. पश्चिमेला बस जात नाही, म्हणून मीही कधी गेलो नव्हतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"एकतीस वर्षं त्याच रस्त्यावर वर-खाली," वाटेत ती म्हणाली. "गाढवसुद्धा कधीतरी दुसरीकडे तोंड वळवतं."

"गाढवाला वेळापत्रक नसतं."

"आणि बायकोही नसते. सुखी आहे बिचारं."

ती हसली, मग तिने पोटाशी हात धरला. मी वळणं हळू घ्यायला लागलो. मला भीती वाटत होती. ती गेली तर आपलं काय होणार, याशिवाय त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. तिच्यासमोर मी ते बोलत नव्हतो.

दुपारी बाराच्या सुमाराला डोंगरावरचं एक गाव लागलं. वीस-पंचवीस घरं, सगळ्यांच्या खिडक्या बंद. संत पारास्केवीचा सण होता. चर्चभोवती कागदी पताका लावल्या होत्या, पण माणूस एकही दिसेना. उन्हाने तापलेल्या ओव्यासारख्या रानझुडपांचा उग्र वास येत होता. गाडी थांबवली तेव्हा झाडांवरच्या किड्यांचा कलकलाट चालू होता. पाण्याची बाटली काढेपर्यंत तो थांबला.

रस्त्याच्या कडेला तुतीच्या झाडाखाली एक काळ्या कपड्यांतली म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तिने खिडकीतून एक कागदी पुडी आत दिली. पुडीत कोलिवा होता. उकडलेले गहू, मनुका, डाळिंबाचे दाणे, साखर. आमच्याकडे हे गहू दोन वेळा वाटतात, संताच्या सणाला आणि मेलेल्या माणसाच्या नावाने. सणाचे असले तर 'शंभर वर्षं जगा' म्हणायचं. मेलेल्याचे असले तर 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं आणि मगच तोंडात टाकायचे. वाटणाऱ्याने कशाचे ते सांगायचं असतं. म्हातारीने सांगितलं नाही. मी पताका पाहिल्या आणि म्हणालो, "शंभर वर्षं जगा, आजी!"

तिने माझं मनगट धरलं. हात थंड होता.

"मला नको म्हणू बाळा. माझ्या फोटिसला म्हण."

"फोटिस शंभर वर्षं जगो," मी म्हणालो. फुकटचा आशीर्वाद द्यायला आपलं काय जातं?

म्हातारीचा चेहरा एकदम सैल पडला. तिने आम्हाला आग्रहाने घरात नेलं. ऊन फार होतं आणि मिर्सिनीला टेकायला जागा हवी होती.

आत गारवा होता, आणि बंद पेटीतल्या कपड्यांना येतो तसा वास. टेबलाशी तिशीतला एक माणूस बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, हात गुडघ्यांवर. टेबलावर कापलेलं कलिंगड होतं. त्यावर माश्या होत्या, टेबलभर माश्या होत्या. त्याच्या अंगावर एकही नव्हती.

भिंतीवर त्याचाच फोटो होता, याच शर्टातला. फोटोला काळी फीत लावलेली होती आणि खाली तारीख होती. एकोणीस वर्षांपूर्वीची.

"त्याची गाडी खालच्या वळणावरून दरीत गेली," म्हातारी दारात उभी राहून म्हणाली. दूध उतू गेल्याचं सांगावं तशा आवाजात. "तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाचे गहू वाटत होते. सणाचा दिवस होता. एक परका आला, चुकून भलतंच बोलला... संध्याकाळी घरी आले तर हा इथे बसलेला. एका चुकीला एक वर्ष मिळतं. माणूस परका हवा, आणि त्याला ठाऊक नको."

मी मिर्सिनीचा दंड धरला. ती हलेना. त्या माणसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मिर्सिनी वाकली. तिने आपला कान त्याच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ तशीच राहिली.

"कलिंगड घ्या ना..." म्हातारी म्हणाली.

आम्ही घेतलं नाही. गाव मागे पडून समुद्र दिसेपर्यंत मी गाडी थांबवली नाही.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"पुरे. एवढंच. पुरे, पुरे, पुरे..." तिने बाहीने कान पुसला. "आर्गिरिस, मला मरायची भीती वाटते. खोटं नाही बोलत. पण त्याची जास्त वाटली. माझं काही बरंवाईट झालं तर तू असलं काही करायचं नाहीस."

"काही होणार नाही तुला."

"शपथ घे."

"मिर्सिनी..."

"माझ्या डोक्यावर हात ठेव आणि बोल."

मी हात ठेवला आणि शपथ घेतली. तिचे केस उन्हाने गरम झाले होते.

सोमवारी बोटीत चढलो. गुरुवारी ऑपरेशनच्या टेबलावर ती गेली.

चाळिसावा दिवस आठ सप्टेंबरला आला, नेमका मरियामातेच्या जन्माच्या सणाला. मी तारीख मोजून काढली नव्हती. पण कॅलेंडर पाहिल्यावर मला बरं वाटलं, हे खरं. गहू मी स्वतः उकडले. वर साखर पसरली आणि रीतीप्रमाणे साखरेच्या चंदेरी गोळ्यांनी तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. प्रार्थनेनंतर पाद्र्याने ते मोडून गहू एकत्र केले, पुड्या बांधल्या. मी चर्चच्या पायरीवर थांबायला हवं होतं. तिथे सगळे ओळखीचे होते. मी टोपली घेऊन धक्क्यावर गेलो.

बोटीतून एक ट्रकवाला उतरला, दूरच्या गावचा. पुडी घेतली, चर्चवरच्या पताका पाहिल्या, आणि भल्या माणसाने तोंडभर आशीर्वाद दिला. "कोणाचा सण, काका?"

"मिर्सिनीचा, माझ्या बायकोचा," मी म्हणालो.

"मग मिर्सिनी शंभर वर्षं जगो!"

मी घरी पळत गेलो. साठी उलटलेला माणूस, सगळा बाजार बघत होता. ती स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती. पुरताना घातलेल्या निळ्या कपड्यांत. मी तिच्या पायांशी बसून रडलो. आनंदाने रडलो, ते लपवत नाही.

तेव्हापासून तीन वर्षं झाली. दर आठ सप्टेंबरला मी धक्क्यावर जायचो. कोणी ना कोणी चुकायचंच. ती जेवत नाही, झोपत नाही, माझ्याकडे बघतही नाही. ओठ हलतात. पहिल्या दिवसापासून हलतात. मी कान कधीच जवळ नेला नाही. काय ऐकू येईल ते मला माहीत होतं.

हे सगळं तुम्हाला सांगून टाकलं, म्हणजे तुम्ही आता माझ्या कामाचे राहिला नाहीत. म्हणूनच सांगितलं.

यंदा मी ठरवलं, पुरे. उशिरा का होईना, शपथ पाळायची. घरात गहू आणलेच नाहीत. आदल्या दिवशी तिला सांगितलंसुद्धा, "उद्या मी कुठे जाणार नाही. तू जा आता." तेव्हा तिने तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सुटली बिचारी.

सणाच्या दिवशी सकाळी मी तिच्या कबरीवर दिवा लावायला गेलो. माझ्या हिशेबाने दुपारपर्यंत सगळं संपायला हवं होतं. बाराला परत आलो तर दार उघडं होतं, घरभर उकडलेल्या गव्हाचा आणि दालचिनीचा वास होता, आणि खुर्ची रिकामी होती.

टेबलावर ताट होतं. साखर नीट दाबून सपाट केलेली होती, ती जिवंतपणी करायची तशी, चमच्याच्या पाठीने. मधोमध चंदेरी गोळ्यांचं अक्षर होतं. ते तिच्या नावाचं नव्हतं, माझ्या नावाचं होतं.

ताटाच्या कडेचे पुडीभर गहू आधीच काढून नेलेले होते, आणि धक्क्यावर न्यायची माझी टोपली जागेवर नव्हती.