पुरे म्हणायचं नाही

ही गोष्ट मी कुणाला तोंडाने सांगत नाही, लिहून देतो. का ते पुढे कळेलच. तोवर चहा घ्या. आणखी नको असेल तर कपावर हात ठेवा, बोलू नका.

मी आवाज धुतो. डोंबिवलीतल्या आमच्या घरात आतल्या खोलीत एक टेपरेकॉर्डर, एक कॉम्प्युटर आणि बऱ्यापैकी हेडफोन, एवढाच माझा कारखाना. लोक जुन्या कॅसेट आणतात. कुणाच्या आजोबांचं कीर्तन असतं, कुणाच्या लग्नातली मंगलाष्टकं. त्यातली खरखर, पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न काढून मी स्वच्छ आवाज हातात देतो. माझी बायको भावना मला धोबी म्हणते. कल्याणपासून ठाण्यापर्यंत माझ्यासारखी धुलाई कुणाला जमत नाही, असा माझा तोरा होता. आता तो राहिला नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत मी वर्तकनगरला कॉन्स्टन्स आंटींकडे एक कॅसेट आणायला गेलो. आंटी सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्यांचा भाऊ लिओनेल हॉटेलांमधून गिटार वाजवायचा. त्याने घरीच बसून एक अल्बम रेकॉर्ड केला होता. आता भाऊही नव्हता, आणि त्या अल्बमची ही शेवटची प्रत उरलेली.

"रोज चारला लावते," आंटी म्हणाल्या. "फीत पार झिजली. कॉम्प्युटरवर घेऊन दे. खरखर काढ, काय पण काढ. पण आत खुर्चीची करकर हाय ना, ती ठेव हां बाबा. लिओ वाजवायचा तवा माय बाजूला खुर्चीत डोलत बसायची. ती माय हाय."

"ठेवतो, आंटी," मी म्हणालो.

आणि काढून टाकली.

मुद्दाम नाही हो. आठ गाणी, अडतीस मिनिटं. स्मूथ जॅझ म्हणतात ते. नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी गुळगुळीत गिटार. सूर कुठे अडखळत नाही, आवाज कुठे चढत नाही. आणि नेमक्या शांत जागी ती करकर यायची. एक लांब, एक आखूड. माझा हात शिवशिवला. मी करकर काढली. अगदी शेवटी एक पुरुषी आवाज हळूच म्हणत होता, "पुरे, माय." संगीत तर संपलेलं होतं, म्हणून तेही कापलं. आणि सवयीने मूळ फाइलवरच सेव्ह करून मोकळा झालो.

सकाळी आंटींचे शब्द आठवले. कॅसेट पुन्हा लावली. दुसऱ्याच मिनिटाला फीत आत गुंतली आणि मी सोडवेपर्यंत तिचे तुकडे झाले.

खरं सांगून माफी मागायला हवी होती. पण एका म्हातारीला करकरीतला काय फरक कळणार, असं मला वाटलं. भावनाला तेव्हा सातवा महिना होता. तिच्या बाबांनी शहाडहून तिच्यासाठी झुलती खुर्ची पाठवली होती. तीही करकरायची.

"तू फक्त डोलत बस," मी तिला म्हणालो. "कानाला हेडफोन, आणि गिटार वाजतेय तोवर डोलायचं."

"आणि झोप लागली तर? माझं घोरणं पण धुशील काय?"

तिच्या थट्टेमागची काळजी मला माहीत होती. बाळ कमी हलत होतं. दिवसभरात किती वेळा हलतं ते लिहून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्या दिवशी कागद दुपारपर्यंत कोराच होता. मी माइक खुर्चीच्या पायाशी लावला. तिसऱ्या गाण्याला भावनाने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. मग दुसरी. एक लांब, एक आखूड. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तो ठेका मी आधी कुठे ऐकलाय, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आमच्या खुर्चीची करकर मी गाण्यांत मिसळली आणि गुरुवारी पेन ड्राइव्ह घेऊन वर्तकनगरला गेलो. चारला पाच मिनिटं कमी होती. आंटींनी स्वतःसाठी स्टूल घेतलं. खोलीतली वेताची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती आणि तिच्यावरून नजर हलवत नव्हत्या. गाणी सुरू झाली. पहिलं संपलं, दुसरं संपलं. खोलीत भाजल्या सुक्या मासळीचा आणि मेणबत्तीचा वास होता. आंटी उठल्या आणि खुर्चीच्या बैठकीवर त्यांनी तळहात ठेवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "माय आली नाय."

"आंटी..."

"ही टेप लागली का ही खुर्ची हलते. माय गेली तवापासून. एक दिवस चुकली नाय." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी खाली आला होता. "ही करकर आमच्या खुर्चीची नाय. कोणाची घेतलीस? कोण बसलेलं?"

मी सगळं सांगून टाकलं. भावनाचं, बाळाचं, फाटलेल्या फितीचं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कपाळ, छाती, खांदे अशी क्रूसाची खूण केली.

"पोटुशी बाई बसवलीस... आणि शेवटाला लिओ बोलतो ते? पुरे, माय?"

"ते... कापलं."

"मग ती उठंल कशी रे? कोणी पुरे बोलल्याबिगर माय उठत नाय."

मी स्कूटर कशी काढली आठवत नाही. शीळफाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकलो आणि भावनाला फोन लावला. मागे गिटार चालू होती.

"तोच अल्बम लावलाय रे. बाळ मस्त खेळतंय. तू ये सावकाश."

"खुर्चीतून ऊठ."

"का? किती छान वाटतंय. पाठीला कुणीतरी हात लावून बसल्यासारखं..."

घरी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. गिटार थांबलेली होती. संध्याकाळचा दिवा लागलेला नव्हता आणि अंधारात करकर चालू होती. एक लांब, एक आखूड. घरात सुक्या मासळीचा वास येत होता. आमच्या घरात मासळी येत नाही.

भावना खुर्चीत होती. तिचे दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर होते. जमिनीला लागत नव्हते.

"मी नाही हलवत," ती कुजबुजली. "गाणी कधीच संपली. उठताही येत नाहीये... कुणीतरी मांडीवर घेतल्यासारखं..."

मी दारातच उभा होतो. कसाबसा म्हणालो, "पुरे, माय."

खुर्ची थांबली.

मला सुटल्यासारखं वाटलं, एक क्षणभरच. भावनाचे दोन्ही हात पोटावर गेले. तिने माझ्याकडे पाहिलं, तसं पाहणं पुन्हा कधी नशिबी येऊ नये.

"अरे... बाळ थांबलं."

मी धावत अल्बम लावला. पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. भावनाने माझ्या मनगटात नखं रुतवली होती. अकराव्या मिनिटाला खुर्ची करकरली आणि तिच्या पोटात हालचाल झाली.

बाळं आत झोपतात, असं डॉक्टर म्हणाले. असेल. मार्चअखेर आम्हाला मुलगी झाली, धडधाकट. तिला मधु म्हणतो. ती पाळण्यात झोपली की खुर्ची हलते आणि तिचा श्वास त्या तालावर चालतो. एकदा मी आणि मेहुण्याने खुर्ची उचलून बाहेर न्यायचा प्रयत्न केला. ती भरल्यासारखी जड होती, आणि आत मधुला उचक्या लागल्या. आम्ही ती जागेवर ठेवली.

आता आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. बारशाच्या पंगतीत भावना प्रत्येक पाहुण्यापुढे हात जोडून सांगत फिरली, नको असेल तर पानावर हात आडवा धरा. लोक हसले. हसू देत. मधु पोटात होती तेव्हा ती अकरा मिनिटं आईच्या श्वासावर निघाली. आता तिचा श्वास तिचा तिलाच घ्यायचा आहे.

कॉन्स्टन्स आंटी कधीमधी फोन करतात. मायची चौकशी करतात, पोरीची करतात. परवा त्यांनी विचारलं, "बोलायला लागली काय?"

नाही, म्हणालो. तेव्हा खरंच नव्हती. आई नाही, बाबा नाही, काहीच नाही.

काल दुपारी चार वाजता मी मधुला कडेवर घेऊन उभा होतो. रिकामी खुर्ची डोलत होती. मधु तिच्याकडे बघून ओळखीचं हसली, ओठ मिटले आणि कुणीतरी सावकाश शिकवत असल्यासारखी, थांबून, ऐकून, म्हणाली,

"पु..."