तिसरं माप

हळू बोल, सलोनी. पलीकडं सुखीबाईचा दिवा चालू हाये, ती लवकर झोपत नाई. अन् पिंटू, तो मोबाइल ठेव खिशात. ऐकायचं असन त नीट ऐक, नाई त जाय झोप. मी काई टीव्हीवानी परत परत दाखवनार नाई.

भुताची गोष्ट पायजे म्हन्ता. ते भूत होतं का काय, मले मालूम नाई. झालं तेवढं सांगतो. नंदकिशोर म्हनून दारव्ह्याचा पोरगा, माह्या दोस्ताचा लेक. त्याच्यावर गुजरलं. मी निस्ता बाजूले उभा होतो.

दोन साल झाले. मे महिन्याची सात तारीख, मंगळवार, अवस. काम साधंच होतं. आपल्या विहिरीतला गाळ काढाले सकाळी क्रेनवाले येनार होते. गाळ किती हाये ते आधी मोजलेलं बरं, म्हनून मी सुट्टीवर घरी आलेल्या नंदकिशोरले बोलावलं. दोनदा म्हने, तब्येत ठीक नाई काका. तिसऱ्या फोनले हो म्हटलं.

त्याचं कामच गाळाचं. कोकनात एका खाजगी गोदीवर तो साहेब होता. गोदी म्हनजे जहाज लावायची जागा. दर पावसाळ्यात तिथं चिखल भरते. किती भरला, कुठून किती काढायचा, कुठं नेऊन टाकायचा, भरती पाहून कोन्या राती यंत्र चालवायचं, सारं हा ठरवे. जहाज यायच्या आत खोली झाली पायजे. नाई त जहाज चिखलात बसते अन् साहेब घरी बसते.

खरं सांगू? मी त्याले निस्तं विहिरीसाठी नव्हतं बोलावलं. सुखीबाईचा पोरगा भारत त्यानंच गोदीवर कामाले नेला होता. आदल्या दिवाळीच्या राती भारत गायब झाला. गोदीवरून निरोप आला, काम सोडून पळाला. सुखीबाईनं मानलं नाई. रोज त्याचं ताट वाढे अन् दिसन त्याले विचारे, "माह्या पोराले वाढू का त्याचं पानी सोडू, एवढं तरी सांगा कोनी." म्हटलं, नंदकिशोर आला त दोन शब्द बोलन तिच्याशी.

तो आला अंधार पडल्यावर, शेवटच्या जीपनं. तिच्या घरावरून यायचं टाळलं, मागच्या पांदीच्या वाटेनं आला. चेहरा निरा उतरलेला. जेवलाबी नाई.

साडेनवाले मोटर बंद झाली. पानी ठरू दिलं. दहा वाजता आम्ही विहिरीवर. मी, तो अन् माह्या हातात टॉर्च.

त्यानं पिशवीतून शिशाचा गोळा काढला. लांबुळका, दोरीले बांधलेला, दोरीवर फुटाफुटावर चिंध्या. म्हने, "मोजायचं यंत्र फसतं काका, पातळ चिखलालाच तळ समजतं. शिसं फसत नाही." गोळ्याच्या बुडाले खळगा होता. त्यात त्यानं ओला साबन दाबून भरला. तळाले टेकलं का तिथली माती साबनाले चिकटून वर येते, म्हने. अन् एका जागी तीनदा टाकायचं. तीनदा म्हनजे तीनदा.

पानी काठापासून तीस फुटावर होतं.

पहिल्यांदा टाकलं. चव्वेचाळीस फूट. साबनाले काळी माती, आपल्या वावरातली असते तशी. त्यानं वहीत लिहिलं.

दुसऱ्यांदा टाकलं. सदतीस.

म्या म्हटलं, "सात फुटाचा फरक? दोरी गुंतली असन."

त्यानं शिसं वर ओढलं. साबनावर करडा चिखल होता. लोण्यावानी नरम, त्यात शिंपल्याचा एक तुकडा. वास आला... मच्छीबाजारात येते तसा. त्यानं बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

"खारट आहे, काका."

अरे, आपल्या विहिरीत खारट? समुद्र कुठं अन् आपून कुठं!

तो काठावर खाली बसला, म्या टॉर्च विझवला. मग हळूहळू सांगाले लागला. दिवाळीची रात. अवस, म्हनजे मोठी भरती. तिसऱ्या दिवशी जहाज येनार. भारत लहान होडीत, गाळ काढायच्या यंत्राच्या पुढं, दोरी टाकून माप सांगून राह्यला होता. हा धक्क्यावर वही घेऊन. भारतनं पहिलं माप सांगतलं. दुसरं सांगतलं. तिसरं...

"तिसरं आलंच नाही," तो म्हने. "दोन हाका मारल्या. होडी रिकामी दिसत होती. यंत्र थांबवलं असतं तर भरती गेली असती. जहाज परत गेलं असतं. मी म्हटलं, चढला असेल कुठं तरी वर... मी तिसरं माप मनानं लिहिलं. अन् यंत्राला पुढं यायची बत्ती दाखवली."

"मंग?"

"सकाळपर्यंत सात खेपा गाळ काढला. दूर समुद्रात नेऊन टाकला."

मले राग आला, पन त्याहून जास्त भेव लागलं. म्या म्हटलं, "चाल घरी. राहू दे आता."

तो उठला. साबन पुसला. नवा भरला.

"तिसरं टाकावंच लागेल, काका."

दोरी सोडली. तो अंधारात हातानं चिंध्या मोजून राह्यला होता. दहा. पंधरा. वीस. बावीस. चोवीस.

सव्वीस.

दोरी थांबली.

पानी तीसवर, पोट्टे हो. सव्वीसवर काईच नाई. निस्ती हवा.

पान्याचा आवाज नाई. दोरी ढिली. खाली कशावर तरी टेकली होती... का कोनी हातात धरली होती...

माह्या हातात टॉर्च होता. म्या लावला नाई. आज सांगतो, म्या लावला नाई.

नंदकिशोर वाकला. एकदम हळू, कामावर विचारावं तसं विचारलं.

"भारत... किती रे?"

काई नाई.

काई नाई.

मंग दोरीले एक हिसका बसला. लहानसा. अन् शिसं धपकन पान्यात पडलं.

त्यानं वर ओढलं. म्या तेव्हा टॉर्च लावला. साबनावर माती नव्हती. एक अंगठा उमटला होता. खालून दाबलेला. मधातून तिरपा वण. भारतच्या डाव्या अंगठ्याले सोयाबीन सोंगताना विळा लागला होता. टाके म्याच घालून आनले होते पांढरकवड्याहून.

नंदकिशोरनं वही विहिरीच्या काठावर ठेवली. चाल म्हटलं नाई, येतो म्हटलं नाई. डांबरी रस्त्याकडं चालाले लागला. त्याच्या घरचे अजून फोन करतात मले. मी काय सांगू त्यायले?

सकाळी क्रेनवाल्यानं गाळ काढला. सारा काळा. चव्वेचाळीस फुटावरच लागला.

साबन मी सुखीबाईले दाखवला. म्हटलं होतं, आज सांगून टाकतो, सुटन बिचारी. तिनं तो दिव्याजवळ धरला. वण पाह्यला. अन् हसली रे... दिवाळीपासून पहिल्यांदा हसली.

"मी सांगत नव्हती का, बापूजी? हाये माहा पोरगा. अंगठा ओला हाये त्याचा. मेलेल्याचा असा उमटते का?"

कुठून आनला, तेबी विचारलं नाई तिनं. अन् माह्याच्यानं सांगनं झालं नाई. दोन साल झाले, रोज ठरवतो. ती अजून ताट वाढते. आता त भाकर गरम राहावी म्हनून दोनदा चूल पेटवते.

साबन तिनं मलेच ठेवाले देल्ला. म्हने, माह्या घरात उंदरं हायेत, खाऊन टाकतीन. दर अवसेले येऊन पाहून जाते.

त्या कोनाड्यात, बिस्किटाच्या डब्यात हाये. नाई, पिंटू, हात नको लावू. दोन उन्हाळे गेले आपले. दाराच्या फळ्या तडकल्या, माठ दोनदा बदलला. तो साबन अजून वाळला नाई.