रिसालीचा पित्तर

टीना, तो मोबाईल ठेव बाजूले. मानसासारखा रोबोट मानसायत खपून जाईन का, हे त्या व्हिडिओवाल्याले काय पुसते? मले पूस. अंकुर, दार लोटून घे, अन मधात बोलू नको. माझा दोस्त रामाजी, स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, कोळशाच्या भट्टीवरून, रिटायर झालेला, त्याच्या डोळ्यासमोर झालेली गोष्ट हाये.

मागच्या सालची सर्वपित्री अमावस, रविवार. रामाजी दुपारी स्कूटर घेऊन दुर्ग स्टेशनवर गेला होता, पित्तर आनाले. तुमाले काय ठाऊक, तुमी तं केक कापनारे. आपल्या भंडाऱ्याकडच्या लोकायत गेलेल्याच्या नावानं एका जित्या मानसाले पाटावर बसवतात. त्याचे पाय धुतात, टिका लावतात, वडे, कढी, खीर वाढतात. तो जेवला म्हनजे गेलेला जेवला. मंग हात जोडून म्हनतात, "आता सुखानं जा." तवा तो उठते.

दुर्गजवळ रिसालीत कौशल्यावहिनीच्या घरी तिच्या नवऱ्याचा, गुलाबचा, पित्तर होता. गुलाब रामाजीच्याच शिफ्टचा. गळ्याचा कॅन्सर झाला त्याले. शेवटी शेवटी नळीवरच होता, तोंडानं घास गेला नाई. मानूस उपाशी गेला, हेच वहिनीच्या जीवाले लागून होतं. म्हनून तिले पित्तर चुकवाचा नव्हता.

गोंदियाहून गुलाबचा चुलत भाऊ चिंधू येनार होता पाटावर बसाले. पन गाडी डोंगरगडच्या अलीकडेच अटकली. रामाजी ताटकळून गेला. शेवटी चिंधूचा फोन आला, "मी वापस चाललो, भाऊ. वहिनीले सांगजा." रामाजी सोता बसला असता, पन त्याच्या घरी सुतक होतं. अन आजूबाजूचे सारे हिंदीवाले, तेलुगूवाले, त्यायले हे रिवाज काय मालूम.

रिसालीत पोचला तवा दिवे लागले होते. वहिनीच्या फाटकापाशी खुर्चीवर एक मानूस बसला होता. रामाजीनं नमस्कार केला, त्यानंही केला.

"गाडी लेट झाली का?" मानसानं पुसलं.

"काय सांगू," रामाजी म्हने, "अर्धा जीव गेला बसून बसून."

"थकले असान. या, आत या."

रामाजीले वाटलं, वहिनीच्या माहेरचा असन कोनी. तवढ्यात आतून प्रवीण हसत आला. प्रवीण म्हनजे गुलाबचा पोरगा, बंगलोरले रोबोटच्या कंपनीत हाये. "काका, फंस गए ना? मशीन हाये तो. टेस्टिंगसाठी घरी आनला मी."

रामाजीले घामच फुटला. आपन याले दुखडं सांगून राहिलो होतो.

चिंधू येत नाई हे ऐकून वहिनी मटकन बसली. प्रवीण म्हने, "आई, इसको बिठा देते हैं. काकाले नाई समजलं, तं बाबाले काय समजते?"

"दिवे लागल्यावर पित्तर बसवत नाई, बापा," रामाजी म्हने.

वहिनी उठली. मंग म्हने, "भाऊजी, आज नाई जेवले तं सालभर उपाशी राहतीन." अन तिनं पाट मांडला.

रामाजी सुतकाचा, म्हनून उंबरठ्याबाहेरच उभा राहिला. प्रवीणनं मशीनच्या पायावर पान्याचा हात फिरवला, टिका लावला. बापाचं नाव घेतलं. "बाबा, जेवाले बसा."

मशीन बसून राहिलं. त्याले गळाच नाई, खाइन कसं? ताटातली वाफ गेली. प्रवीण म्हने, "हो गया, आई. आता उठव त्याले."

वहिनीनं हात जोडले. "आता सुखानं जा."

तो नाई उठला.

प्रवीणनं मोबाईलवरून बंद केला. मान खाली गेली. पाठीतली बॅटरी काढून त्यानं खाटेवर ठेवली.

अन तवा...

मान वर झाली.

हळू.

त्यानं ताटाकडं पाह्यलं. मंग वहिनीकडं. मंग एक हात उचलला... अन आपल्या गळ्यावर ठेवला.

गुलाब तसाच करे. नळीपाशी हात ठेवे. बोलता येत नव्हतं ना त्याले.

"ये मैंने नहीं सिखाया," प्रवीण पुटपुटला. बॅटरी खाटेवरच होती.

वहिनी भेली नाई. जवळ सरकली. "गिळत नाई का?" तिनं पुसलं.

...

तिनं कढीत भात कालवला. पातळ केला. अजून पातळ. मंग मागं न पाहता म्हने, "प्रवीण, तू बाहेर जा. भाऊजी, दार लोटा. त्यायले लोकायसमोर खायची लाज वाटे."

दार लोटलं. दोघं बाहेर उभे. आत फक्त बांगड्या वाजत होत्या. थांबत होत्या. वाजत होत्या.

मंग तिचा आवाज आला. "आता सुखानं जा."

काहीतरी धपकन पडलं.

प्रवीणनं दार उघडलं तं मशीन आडवं पडलं होतं. ताट साफ होतं. "जेवले," येवढंच म्हने वहिनी. अन मंग रडली, तो गेला तवाही रडली नव्हती तशी.

काय म्हनते अंकुर? बाईनं सोताच खाल्लं असन? प्रवीणही तेच म्हने. बंगलोरले नेऊन मशीन खोललं त्यानं. तोंडामागं स्पीकर अन तारा. भाताचं शीत नाई कुठं. मीही म्हटलं, बाईच्या मनाची समजूत हाये, राहू द्या.

मंग रामाजी मले तिच्या घरी घेऊन गेला. त्या रात्री पाटाजवळ ठेवलेला पान्याचा गिलास वहिनीनं अजून धुतला नाई. त्याच्यावर कढीच्या हळदीचा एक अंगठा उमटला हाये. मशीनची बोटं रबराची, गुळगुळीत. या ठशात रेघा हायेत.

वहिनीचा अंगठा लावून पाह्यला. प्रवीणचा पाह्यला होता. दोघायचेही लहान पडतात.