आईने घातलेली शपथ

"जा... जा तू!"

रामलाच्या डाव्या हाताने भिरकावलेला वाडगा भिंतीवर आपटला आणि ऊन ऊन पेज हास्नियाच्या नेसत्या सारोंगवर ओघळली. खाली वाकून हास्निया लाकडी जमीन पुसू लागली. पण तिचं अंतःकरण मात्र आनंदाने उचंबळून आलं होतं! इस्पितळातून आल्यापासून धाकट्या बहिणीच्या तोंडून फुटलेले हे पहिलेच शब्द... हाकलून देणारे का असेनात, शब्द होते ते!

ताक्रो या खेळाच्या ऐन सामन्यात, पाय उंच उडवून चेंडू जाळ्यापलीकडे मारता मारता रामलाचं उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. मानेतल्या धमनीला आतून चीर पडली होती आणि तिथली गुठळी वर जाऊन मेंदूच्या वाहिनीत अडकली होती. प्रशिक्षकांनी क्षणही न दवडता तिला मकास्सार शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन ती गुठळी ओढून काढली. जीव वाचला. आता हात, पाय, वाचा सारं पुन्हा मिळवायचं होतं... आणि शुश्रूषेला होती ती नेमकी हास्निया, जिचं तोंडही बघायचं नाही असं रामलाने ठरवलं होतं!

आई आजारी पडली तेव्हा रामला परदेशात खेळत होती. हास्नियाने तिला काही कळूच दिलं नाही. पदक घेऊन ती परतली, ती थेट आईच्या कबरीपाशी. "माझी आई चोरलीस तू!" असं म्हणून गेली, ती पुन्हा या घराची पायरी चढली नव्हती.

वाडग्याचा आवाज ऐकून खांबांवरच्या घराखाली मासेमारीचं जाळं विणत बसलेले त्यांचे वडील, दाएंग तुतु, वर आले.

"पुरे झालं, रामला!"

"बाबा, नको ना..." हास्निया कळवळली.

"का नको? किती गिळशील?" म्हातारा रामलाकडे वळला. "पोरी, तुझ्या आईनेच हिला शपथ घातली होती! 'रामलाला कळलं तर खेळ टाकून येईल. तिचा राग तू झेल, पण तिला खेळू दे.' अन् त्याआधी शिबिरासाठी दोघींची निवड झाली होती ना? आई थकत चालली होती, तिच्यापाशी कुणीतरी हवं, म्हणून ही म्हणाली, 'मला खेळाचा कंटाळा आलाय.' कंटाळा! झोपेतसुद्धा चेंडूला लाथा मारायची गं ही!"

रामला बघतच राहिली. डोळे भरून आले, ओठ धडपडले...

"ता... ई..."

हास्नियाने तिला पोटाशी धरलं. त्या एका हाकेत तिची सारी वर्षं भरून पावली!

मग घरात हसू नांदू लागलं. हात उचलताना, पाऊल टाकताना, शब्द जुळवताना रामला चिडायची, रडायची, पुन्हा उभी राहायची. एका दुपारी अंगणातल्या खुर्चीवरून तिने वडिलांच्या जाळ्याकडे बोट दाखवलं.

"बांधा... ते. ताई... खेळ!"

"वेडी की काय! या वयात?"

पण म्हाताऱ्याने दोन माडांना जाळं बांधलंसुद्धा. हास्नियाने सारोंग वर खोचला, पाय उडवला... आणि चेंडू शेजारच्या छपरावर!

"पाय... वाकडा!" रामला ओरडली.

"तोंड वाकडं तुझं, अन् माझ्या पायाला नावं ठेवतेस?"

हास्नियाने जीभ चावली. आणि मग रामला त्याच वाकड्या तोंडाने अशी खदखदून हसली की, हसता हसता दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या!

"रडणं मागाहून," दाएंग तुतु डोळे पुसत शिडी शोधू लागले, "आधी चेंडू काढा!"