चारशे बारा मिलिमीटर

गुरुप्रसादचं काम हवामानाच्या मॉडेलांना गुण देण्याचं. संगणकाने सांगितलेला पाऊस आणि खरोखर पडलेला पाऊस ताडून बघायचा. पंचवीस किलोमीटरच्या चौकोनात मॉडेल झकास पास होत होतं. तीन किलोमीटरच्या चौकोनात मात्र मालवणच्या आतल्या अंगाची एक वाडी सगळा निकाल बिघडवत होती. गेल्या जुलैत तिथे एका दिवसात चारशे बारा मिलिमीटर, आणि शेजारच्या गावांत जेमतेम अकरा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. याने नको ते शीतच वेचून फेकलं. वर नियम केला: शेजाऱ्यांशी जुळणार नाही तो आकडा बाद.

मार्चमध्ये तो वाडीवरचा पर्जन्यमापक तपासायला आला. पाणंदीत काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. वाडीच्या वाटेवरचा व्हाळ, म्हणजे ओढा, कोरडा ठणठणीत. चालक विकीने गाडी त्याच्या पलीकडेच ठेवली. वाडीत कुणी साधं पाणी विचारलं नाही. त्याला पाहून दारं तेवढी लागली.

नोंदी ठेवणारी तुळसा पर्जन्यमापकापाशी उभी होती.

"बाई, तुमचं मोजायला चुकलं असणार. एवढा पाऊस शक्यच नाही."

"मगे त्या दिसा माझो घोव खंयच्या पाण्यात व्हावन गेलो?"

नवऱ्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तो खजील झाला, आणि खजील झालेल्या साहेबासारखा आणखीच ताठला. साडेआठ वाजले होते, रोजच्या मोजणीची वेळ. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख.

"उघडा," तो म्हणाला.

आतली बाटली भरलेली होती. वीस मिलिमीटरचं मोजपात्र त्याने स्वतः वीसदा भरून रिकामं केलं. वर बारा उरले. पाणी गढूळ होतं, आणि बर्फासारखं गार.

"लिवा," तुळसा म्हणाली.

"ऊन पडलंय, बाई! तुम्हीच ओतलंय हे." त्याने वहीत शून्य लिहिलं आणि पाठ फिरवली. मागे तुळसा मोबाइलवरून रोजचा आकडा पाठवत होती.

तो व्हाळाच्या मध्यावर असताना पुण्याच्या ऑफिसातून त्याची सहायक नम्रता हिचा फोन आला.

"सर, त्या वाडीचा आकडा आलाय. आज चारशे बारा. शेजारी सगळीकडे शून्य."

त्याने खाली पाहिलं. दगड कोरडे होते. बूट मात्र भरले होते, आणि गुडघ्यांना गार ओढ लागत होती.

"बाद करू नकोस! नम्रता, ठेव तो आकडा!"

ओढ कमरेला आली.

"तुमच्या नियमाप्रमाणे केलासुद्धा, सर."

पलीकडे उन्हात विकी गाडीची काच पुसत होता. त्याने मान वर केली, थेट गुरुप्रसाद होता तिकडे पाहिलं, आणि वाडीच्या दिशेने हाक घातली,

"सर, खंय आसात?"