मुरगूडच्या लग्नातला खुनी

दीप्तीनं कॅसेट काउंटरवर आपटली. "अहो, खुनी कुठाय?"

"कुठला खुनी?" व्हिडिओ लायब्ररीवाल्या संघर्षनं मान वर केली.

"सिनेमातला! कोर्ट भरलंय, वकील आता नाव घेणार… आणि एकदम लग्नाचा मंडप! पंगतीत बुंदी वाढतायत!"

"आयला… आमच्या मुरगूडच्या ताईचं लगीन. कोरी कॅसेट समजून ह्याच्यावरच भरलं बघा."

आता काय बोलायचं या माणसाला! मूळ कथा दीप्तीनं वाचली होती. तिच्यात खुनी नवरा होता. सिनेमात शेवट बदललाय, एवढंच ठाऊक. आणि शनिवारी वाचनालयाच्या कार्यक्रमात, भरलेल्या हॉलमध्ये त्याच बदलावर तिला बोलायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा!

"तुम्ही बघितलाय ना? सांगा मग."

"माळी," संघर्ष ठामपणे म्हणाला.

लग्नापुढं सिनेमा परत सुरू होतो का बघायला तिनं कॅसेट पुन्हा घरी नेली. कुठला सुरू होतोय! दुसऱ्या दिवशी ती आली, तर खुनी डॉक्टर झाला होता.

"काल माळी होता!"

"माळ्यानं सुरी दिली की…" संघर्ष अडखळला. "खरं सांगू? शेवट मी बी बघितलेला न्हाय. तुमी परत यावं म्हणून…"

"डोकं फिरलंय का तुमचं? शनिवारी माझं हसं होईल, त्याचं काय?" तिनं कॅसेट परत पिशवीत कोंबली आणि ती तरातरा निघाली.

शुक्रवारी दुकानाला कुलूप. पळाला वाटतं, दीप्ती धुसफुसली. संध्याकाळी बघते तर स्वारी तिच्या दारात, डोक्यावर धुरळा.

"पेठ वडगावला गेलतो. तिथल्या थेटरात आकारामकाका मशीन चालवायचे. त्यांना सगळा सिनेमा पाठ हाय." त्यानं वहीचा कागद पुढं केला. "खून नवऱ्याच्या बहिणीनं केला. तिच्यासाठी त्यानं आळ अंगावर घेतला. ह्यावेळी खरं हाय… शपथ!"

शनिवारी दीप्ती बोलली आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या.

सोमवारी तिनं कॅसेट परत केली. संघर्षनं ती मशीनमध्ये घातली आणि कपाळावर हात मारला. "रिवाइंड न करता आणलासा? एवढी मोठी पाटी लावलीया की!"

तेवढ्यात टीव्हीवर चित्र आलं. मुरगूडचा मंडप. पांढऱ्या शर्टातला संघर्ष बुंदीची बादली घेऊन ओरडत होता, "पावणं, लाजू नका, घ्या की अजून!"

तो पडद्याकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. "हितंच… का थांबवलासा?"

"एवढंही कळत नाही?" दीप्ती वैतागून म्हणाली, कानापर्यंत लाल होत. "इतके दिवस मी काय खुनी बघत होते होय?"