खालचा उजवा कोपरा

खेळाडूंची जुनी कार्डं ऑनलाइन लिलावात विकणं म्हणजे डोक्याला ताप. लोकांना वाटतं, घरबसल्या मजा. मजा कसली डोंबलाची! दिवसभर भिंग घेऊन कोपरे बघायचे, फोटो काढायचे, खोकी बांधायची आणि अनोळखी माणसांच्या शिव्या वाचायच्या.

दादा गेल्यावर त्याचा सगळा संग्रह माझ्याच गळ्यात पडला. वहिनीला ती खोली रिकामी करून एकदाचं बहिणीकडे राहायला जायचं होतं. "भावजी, शेवटचं कार्ड गेलं की मी सुटले," ती म्हणायची. ती असं का म्हणते, मला ठाऊक होतं. संध्याकाळी मॅच लागली की तिनं दादाच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही. आणि दादा हातातल्या कार्डाचा खालचा उजवा कोपरा अंगठ्यानं चोळत राहायचा. किती चांगली कार्डं त्यानं अशी मातीमोल केली!

शेवटी एक उरलं, एका जुन्या गोलकीपरचं. ते मात्र दादानं स्वतःच तपासणीला पाठवून त्याचा दर्जा ठरवून घेतला होता. दहापैकी नऊ. दर्जा ठरला की कार्ड जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात. पेटी फोडल्याशिवाय त्याला वारासुद्धा लागत नाही. "माझ्या अंगठ्यापासून वाचलं बिचारं," दादा हसत म्हणाला होता.

ते विकलं गेलं आणि परत आलं. 'फोटोत कोपरा टोकदार, हातात बोथट. फसवणूक!' चोराच्या उलट्या बोंबा, मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे चालतंच. गिऱ्हाईक चांगलं कार्ड ठेवून घेतं आणि खराब परत पाठवतं. मी पेटीची कड भिंगाखाली धरली. जोड अखंड होता. आतल्या चिठ्ठीवरचा नंबर तोच. गोलकीपरच्या कानाजवळचा शाईचा ठिपकाही तोच. कोपरा मात्र बोथट.

दुसऱ्यांदा मी ताकही फुंकून प्यायलो. बोथट कोपऱ्याचा मोठा फोटो टाकला, तसं स्पष्ट लिहिलं. तरी परत आलं. या गिऱ्हाइकानं शिवी दिली नव्हती. एवढंच लिहिलं होतं, 'कोपरा अजून झिजतोय. मॅच चालू असली की. पैसे नकोत, पण हे घरात नको.'

मी कार्ड घेऊन वहिनीकडे गेलो. तिचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. कोपरा आता पार गोल झाला होता आणि त्यावर तेलकट चकाकी आली होती. तिनं पेटी उजेडात धरली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"त्यांच्या हाताला काहीतरी लागतंच," ती म्हणाली.

"पेटीत दमट हवा शिरली असेल, वहिनी. दुसरं काय?"

"असेल. आज राहू द्या इथेच."

मला वाद घालायचं त्राण नव्हतं. ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर दाराशी सामान नव्हतं. सगळं पुन्हा कपाटात लागलं होतं. वहिनी तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. शेजारी दादाची रिकामी खुर्ची. टीव्ही बंद.

पेटी टेबलावर होती. मी भिंग काढलं.

चारही कोपरे टोकदार. कोरे करकरीत.

"आता विका, भावजी," वहिनी म्हणाली. "आता कोणी परत नाही करणार."

"आणि तू? बहिणीकडे कधी निघतेस?"

"आज कशी निघू? संध्याकाळी मॅच आहे ना."

तिचा उजवा हात दादाच्या खुर्चीच्या हातावर होता. करंगळीला नख नव्हतं. जखम नाही, रक्त नाही. बोटाचं टोक नुसतं गोल, गुळगुळीत झालं होतं आणि तेलकट चकाकत होतं.